फोनमधली हेडफोनची पिन नेमकी कुणाच्या सोयीसाठी काढली?

रंकाळवेस

बाबांसाठी फोन घ्यायचाय. बजेट वीस-पंचवीस हजार. त्यांच्या मागण्या तीनच आहेत: अक्षरं मोठी दिसावीत, बॅटरी दिवसभर पुरावी आणि हेडफोनची पिन बसावी. पहिल्या दोन कुठल्याही फोनमध्ये मिळतात. तिसरीचं नाव काढलं की दुकानातला पोरगा म्हणतो, "आता वायर कोण वापरतंय सर, बड्स घ्या की, ऑफर चालू आहे."

माझं मत सरळ सांगतो. साडेतीन मिलिमीटरचं ते होल काढण्यात गिऱ्हाइकाचा काहीही फायदा झालेला नाही. दोन-तीनशे रुपयांत मिळणारी, चार्ज करावी न लागणारी, फोनपासून टीव्हीपर्यंत कशालाही चालणारी वस्तू आपल्या हातातून काढून घेतली. तिच्या जागी जी दिली तिला रोज चार्जिंग, दोन-तीन वर्षांत बॅटरी उतरणार, आणि उतरली की टाकून द्यायची. याला प्रगती म्हणायला माझी तयारी नाही.

तुमचा अनुभव काय? वायरलेसवर जाऊन खरंच सुख लागलं का? आणि या बजेटमध्ये पिन असलेला धड फोन मिळतो का?

पेठेतला_गोलकीपर

भावा, बड्स घे आणि विषय संपव. जग कुठं गेलंय.

सीएनसीवाला

रंकाळवेस, मला तुमचं पटत नाही. मी कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला मशीन शॉपमध्ये आहे. फिरत्या मशीनजवळ गळ्यात लोंबती वायर म्हणजे धोका. आमच्याकडे मशीन चालू असताना कानात काहीच घालायला परवानगी नाही आणि ते बरोबरच आहे, पण जेवणाच्या सुट्टीत, गाडीची वाट बघताना, घरी आल्यावर मी नेकबँडच वापरतो. फोन एका कोपऱ्यात चार्जिंगला लावून दुसऱ्या खोलीत बायकोला मदत करत आईशी बोलता येतं. वायर असताना दर सहा-आठ महिन्यांनी एका कानाचा आवाज जायचा. पिनेजवळ वायर पिरगाळून, चिकटपट्टी लावून किती दिवस काढणार? त्या दोनशे रुपयांच्या इअरफोनवर वर्षाकाठी मी किती घालवत होतो ते आता मोजायलाही नको वाटतं.

लोकांना आवडलं म्हणून खपलं. कंपनीनं बंदूक लावली नव्हती.

खटपट्या

बंदूक नाही लावली, पण रस्ता बंद केला. हे कसं घडलं ते क्रमानं सांगतो, कारण यात बऱ्याच गोष्टींची सरमिसळ होते.

ही पिन मुळात टेलिफोन एक्स्चेंजमधली. एकोणिसाव्या शतकात ऑपरेटर ज्या दोऱ्या इकडून तिकडे खोचायच्या, त्यांच्या टोकाला पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची पिन असायची. गिटार आणि मोठ्या अँप्लिफायरला आजही तीच लागते. तिचीच धाकटी आवृत्ती साडेतीन मिलिमीटरची. ट्रान्झिस्टर रेडिओत ती आली आणि १९७९ च्या सोनी वॉकमननंतर घराघरांत पोचली. त्या पहिल्या वॉकमनला तर दोन होल होती, दोघांनी मिळून ऐकायला.

मग सप्टेंबर २०१६ मध्ये आयफोन ७ आला, बिनपिनेचा. ॲपलचे फिल शिलर यांनी व्यासपीठावरून यामागचं कारण एका शब्दात सांगितलं: धाडस. त्याच कार्यक्रमात एअरपॉड्स जाहीर झाले, हे विसरू नका. बीट्स ही हेडफोनची कंपनी ॲपलनं २०१४ मध्येच तीन अब्ज डॉलरना घेतली होती. सुरुवातीला फोनच्या खोक्यात पिनेचा हेडफोन जोडायचा कन्व्हर्टर मिळायचा, २०१८ पासून तो बंद झाला. २०२० च्या आयफोन १२ पासून चार्जर आणि इअरफोनही गेले.

ॲपल पहिली नव्हती, हेही खरं. २०१२ चा ओप्पो फाइंडर ६.६५ मिलिमीटर जाडीचा होता आणि त्याला पिन नव्हती. २०१६ मध्येच ॲपलच्या आधी लेइको या चिनी कंपनीनं आणि मोटोरोलानं मोटो झेडमधून पिन काढली होती. पण लाट आली ती ॲपलमुळे. पिक्सेलच्या पहिल्या फोनला पिन आहे म्हणून गूगलनं जाहिरात केली आणि पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, पिक्सेल २ मधून ती काढली. २०१८ ला वनप्लस ६टी, २०१९ ला सॅमसंगचा नोट १०. सॅमसंगनं तर आधी जाहिरातीतून ॲपलच्या कन्व्हर्टरची थट्टा केली होती.

पेठेतला_गोलकीपर

खटपट्या, तुमची एक पोस्ट वाचायला चहाचा अख्खा कप गेला. पण माहिती जबरा.

सीएनसीवाला

इतिहास मान्य. पण काढण्यामागं तांत्रिक कारण होतंच की. फोनच्या आत जागा किती असते? ती पिन चौदा-एक मिलिमीटर आत जाते. तेवढ्या जागेत मोठी बॅटरी बसते, कंपनाची मोटर बसते. आणि एक भोक कमी म्हणजे पाणी शिरायचा एक रस्ता कमी. मी रोज मिलिमीटरच्या शतांशात काम करतो. एवढ्याशा डब्यात चौदा मिलिमीटर म्हणजे फार झाले, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा.

खटपट्या

जागेचा मुद्दा तेवढा मान्य करतो. आयफोन ६एसची बॅटरी १७१५ एमएएच (साठवणक्षमतेचं माप) होती, ७ ची १९६०. पण पाण्याची आणि फोन पातळ करण्याची, या दोन सबबी टिकत नाहीत. पाण्याचं म्हणाल तर २०१६ चाच सॅमसंगचा गॅलेक्सी एस७ पिन असूनही आयपी६८ (पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा) होता, म्हणजे आयफोन ७ च्या आयपी६७ पेक्षा वरचढ. जाडीचं म्हणाल तर विवो एक्स५ मॅक्स २०१४ मध्ये ४.७५ मिलिमीटर जाडीचा आला, पिनेसकट. आणि २०१७ मध्ये एका अभियंत्यानं चीनमधल्या शेन्झेनच्या बाजारातून सुटे भाग आणून चालू आयफोन ७ मध्ये पिन बसवून दाखवली. त्याला काही महिने लागले, पण बसली.

आता सांगा, एका माणसाला टेबलावर जमतं ते एवढ्या मोठ्या कंपनीला जमत नव्हतं?

सीएनसीवाला

एक नग टेबलावर बनवणं आणि कोट्यवधी नग लाइनवर बनवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हे तुम्हाला उद्यमनगरातला कुठलाही फोरमन सांगेल.

तानपुरेवाली

मी गाणं आणि हार्मोनियम शिकवते, म्हणून वेगळ्या अंगानं लिहिते. ज्यांना फक्त ऐकायचंय त्यांना वायर आहे की नाही यानं फार फरक पडत नाही. ज्यांना वाजवायचंय त्यांचं नुकसान झालंय आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान केला जातो, मग हवेतून पाठवला जातो, मग कानातल्या चिपमध्ये पुन्हा उलगडतो. यात साधारण दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद जातात. सिनेमा बघताना हे कळत नाही, कारण फोन चित्रही तेवढंच थांबवून दाखवतो. पण फोनवरच्या पेटीच्या ॲपवर बोट ठेवलं आणि स्वर पाव सेकंदानं आला, तर बोटं बावचळतात. मध्यलयीत मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे स्वर जवळजवळ अर्धी मात्रा मागे. द्रुत लयीत तर पूर्ण मात्राच हुकते. आवाज हवेतून दोनशे मिलिसेकंदांत सुमारे सत्तर मीटर जातो. म्हणजे कुस्तीच्या खासबाग मैदानात एका टोकाला तबलजी बसवायचा, दुसऱ्या टोकाला गायक, आणि म्हणायचं, धरा आता सम.

कानात तबल्याचं ॲप लावून त्यावर गाणं रेकॉर्ड केलं की आपला आवाज त्या अंतरानं मागे पडलेला असतो. माझे विद्यार्थी गारगोटीहून, राधानगरीहून असं रेकॉर्डिंग पाठवतात. पहिल्यांदा मला वाटलं पोरगी लयीला कच्ची आहे. समोर बसवून ऐकलं तर घड्याळासारखी पक्की. तिला वायरचा हेडफोन घ्यायला लावला, तीच बंदिश, सम चपखल.

दुसरी गोष्ट. ब्लूटूथच्या हेडफोनचा माइक चालू झाला की फोन बहुतेक वेळा कॉलच्या पद्धतीवर जातो आणि येणारा आवाजही एकदम खालच्या दर्जाचा, एकाच वाहिनीचा होतो. ऑनलाइन तालमीत नेमकं हेच होतं. तानपुरा डब्यातून आल्यासारखा वाटतो. ज्या कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेबांनी शाहू महाराजांच्या दरबारी गायकी घडवली, जिथं देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ पासून उभी आहे, तिथल्या पोरांना स्वर ऐकायला पंधरा रुपयांच्या तांब्याच्या तारेची वानवा पडावी, याचा मला मनापासून राग येतो.

पेठेतला_गोलकीपर

ताई, बीजीएमआय (पब्जीचा भारतातला अवतार) खेळताना अगदी हेच होतं! पावलांचा आवाज येईपर्यंत समोरचा आपल्याला उडवून मोकळा. आमच्यात सगळे वायरवालेच हेडफोन लावतात. गेमिंगचे बड्स म्हणून विकतात त्यात उशीर कमी असतो पण असतोच.

म्हणजे मी पण वायरवाल्यांच्यातच आलो की काय!

रंकाळवेस

आलास. वर "बड्स घे आणि विषय संपव" कोण म्हणालं होतं ते वाच.

दुरुस्ती_लक्ष्मीपुरी

मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून दोन शब्द. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे.

पिनेचं होल बिघडायचं, नाही असं नाही. पिनेचं टोक तुटून आत राहायचं. पावसात भिजलं की हेडफोन नसतानाही वर हेडफोनचं चिन्ह यायचं आणि स्पीकर बंद पडायचा. पण तो भाग बहुतेक फोनला स्वस्तात, वेगळा बदलता यायचा, आणि तो बिघडला तरी फोन चार्ज व्हायचा.

आता सगळा भार एका टाइप-सी पोर्टवर, म्हणजे चार्जरच्या होलवर. चार्जिंग तिथंच, हेडफोन तिथंच, पेन ड्राइव्ह तिथंच. त्या पोर्टच्या मधोमध एक पातळ जीभ असते. कन्व्हर्टर लावलेला फोन खिशात घालून माणूस मोटारसायकलवर बसला की कन्व्हर्टर दांड्यासारखा त्या जिभेवर जोर देतो. जीभ वाकली की चार्जिंगही गेलं आणि आवाजही. मग चार्जिंगची पट्टी किंवा सबबोर्ड (पोर्ट असलेला छोटा बोर्ड) बदलावा लागतो. काही फोनला पोर्ट थेट मेन बोर्डावर असतो, तिथं खर्च वाढतो.

पण दुकानात आलेल्या "चार्जिंग होत नाही" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं फक्त कापसाचं असतं. खिशातली लोकर, धुरळा दाबून दाबून आत घट्ट बसतो. फोन बंद करायचा, लाकडी दातकोरणीनं कडेकडेनं हलकं काढायचं. सुई घालू नका, आतले संपर्क शॉर्ट होतात.

आणि कन्व्हर्टर घेताना फसू नका. दोन जाती आहेत. एका जातीत नुसती तार असते, आवाज फोनच तयार करून बाहेर पाठवतो. दुसऱ्या जातीत आवाज तयार करणारी चिप कन्व्हर्टरमध्येच असते. पहिली जात काही मोजक्याच फोनला चालते. दिसायला दोन्ही सारख्याच. गिऱ्हाईक म्हणतं कन्व्हर्टर खराब दिला, पण खराब नसतो, त्या फोनला ती जात चालत नसते. चिपवाला घेतलात तर बहुतेक सगळ्या टाइप-सी फोनला चालतो.

निवृत्त_मास्तर

वरचा प्रतिसाद छापून ठेवण्याजोगा आहे. माझ्या मुलानं आणलेला कन्व्हर्टर का चालला नाही ते आज कळलं.

मात्र मी सीएनसीवाल्यांच्या बाजूचा आहे. मला श्रवणयंत्र लागतं. वायरचा हेडफोन श्रवणयंत्रावर बसत नाही, यंत्र काढून हेडफोन घातला तर ऐकू येत नाही. नव्या यंत्राला ब्लूटूथ आहे, फोन थेट यंत्राशी जोडला जातो आणि नातवाचा आवाज स्वच्छ कानात. माझ्यासारख्याला या बिनतारी सोयीनं पुन्हा फोनवर बोलतं केलं. तेव्हा वायरलेस म्हणजे नुसता धंदा, असं सरसकट म्हणू नये.

रंकाळवेस

मास्तर, नमस्कार. तुमचा मुद्दा शिरसावंद्य. ब्लूटूथला माझा विरोध नाहीच. फोनमध्ये ब्लूटूथ आणि पिन दोन्ही कितीतरी वर्षं गुण्यागोविंदानं होती. तुमच्या यंत्राला जोडण्यासाठी माझ्या बाबांची पिन काढायची गरज नव्हती. एवढंच माझं म्हणणं.

निवृत्त_मास्तर

हे मात्र बिनतोड.

शाहूपुरीकर

रेडिओबद्दल कुणीच कसं बोललं नाही?

२०१९ च्या ऑगस्टात आमच्या गल्लीत पाणी आलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो होतो. धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती. लाइट नाही. नेट येतंय-जातंय. व्हॉट्सॲपवर नुसत्या अफवा, धरण फुटलं म्हणून. माझ्या जुन्या फोनला एफएम होता आणि कपाटात वायरचा इअरफोन सापडला. १०२.७ वर आकाशवाणी कोल्हापूर लागलं. एक कान माझा, एक कान शेजारच्या वहिनींचा. पातळी किती, हायवे कुठं बंद, बोटी कुठं आहेत, हे ऐकायचं आणि जिन्यातून ओरडून खाली-वर सांगायचं. नेटवर ऐकण्यापेक्षा बॅटरीही कितीतरी कमी खाल्ली.

त्या इअरफोनची वायर हीच रेडिओची एरियल असते, हे तेव्हा कळलं. वायर काढली की नुसती खरखर.

आता घरातल्या एकाही फोनला पिन नाही. बाबांसाठी पिनेचा फोन शोधताय ते अगदी योग्य करताय.

खटपट्या

शाहूपुरीकर, फार मोलाचं लिहिलंत. एरियलचं गणित मजेदार आहे. १०२.७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी २.९२ मीटर. तिचा चौथा हिस्सा धरला तरी ७३ सेंटिमीटरची तार लागते. मीटरभर लांबीची इअरफोनची वायर त्यासाठी आयती मिळते. फोनच्या आत एवढी तार कुठून आणणार? म्हणून पिन गेली की बहुतेक फोनमधला एफएमही गेला. काही मोजक्या फोनमध्ये टाइप-सीच्या इअरफोनवर एफएम चालतो, पण तो अपवाद.

२०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं मोबाइल उद्योगाला सूचनापत्र काढलं होतं की ज्या फोनमध्ये एफएमची सोय आहे तिथं ती बंद करू नका, चालूच ठेवा. कारणांत आपत्तीच्या वेळचा उपयोग स्पष्ट लिहिला होता. पण ती सूचना होती, सक्ती नाही. आणि पिनेबद्दल काहीच नाही.

सीएनसीवाला

पुराचं दुःख आम्हीही पाहिलंय, त्यावर वाद नाही. पण आपत्तीसाठी सेलवर चालणारा छोटा ट्रान्झिस्टर घरात ठेवावा. फोन पाण्यात पडला तर एफएम असून काय करणार? रेडिओचं काम रेडिओला करू दे.

शाहूपुरीकर

ट्रान्झिस्टर घरात होता. खालच्या मजल्यावर. पाण्याखाली. फोन माणसाच्या अंगावर असतो, हाच तर फरक.

उसाचा_फड

आमच्याकडं गळीत हंगामात ट्रॅक्टरवाल्यांचा सगळा खेळ ऑक्सच्या, म्हणजे फोन डेकला जोडायच्या पिनेच्या वायरवर असतो. ड्रायव्हर बदलला की ज्याचा फोन त्याची गाणी. पिनेत खोचलं की चालू. गेल्या हंगामात एका पोरानं नवा फोन आणला, पिन नाही. मग ब्लूटूथ. कारखान्याच्या वजनकाट्यावर शंभरभर ट्रॅक्टरची लाइन, ह्याचा फोन त्याच्या डेकला, त्याचा फोन ह्याच्या डेकला. एकाच्या ट्रॅक्टरवर अचानक दुसऱ्याच्या बायकोचा फोन लागला आणि "येताना दूध आणा" हे सगळ्या लायनीनं ऐकलं.

पेठेतला_गोलकीपर

😂😂 दूध आणलं का मग?

उसाचा_फड

तिघांनी आणलं म्हणं.

मीठमिरची

आमच्या हळदीकुंकवाला असाच प्रकार झालेला. शेजारच्या घरातला मुलगा आमच्या स्पीकरला जोडला गेला आणि अत्तरदाणी फिरत असताना एकदम फुटबॉलची कॉमेंट्री सुरू. बायका म्हणाल्या राहू दे, कोण जिंकतंय बघू.

बाकी गंभीरपणे सांगायचं तर स्वयंपाकघरात मला वायर नकोच वाटते. हात पिठात, मान वळवली की वायर कढईत. बड्स घालून आईशी तासभर बोलते, हात मोकळे. पण मुलीच्या क्लासला वायरचाच, कारण तिचे बड्स ऐन परीक्षेच्या तासाला चार्ज नसतात आणि त्यातला एक कायम पलंगाखाली असतो.

रंकाळवेस, फोन बघायला राजारामपुरीत फिरणार असाल तर तिथं एका गल्लीत मिसळ मिळते, तिच्या कटाची सर...

पेठेतला_गोलकीपर

मिसळ राजारामपुरीत? ताई, पेठेत या. ही काय चर्चा झाली का?

सीएनसीवाला

उद्यमनगर राहिलं की. कामगाराची मिसळ ती खरी मिसळ.

व्यवस्थापक

मिसळीचा धागा वेगळा आहे आणि तिथं आधीच पुरेशी भांडणं चालू आहेत. इथं पिनेवर बोला.

दूरदेशी

मूळची महाद्वार रोडची, आता जर्मनीत. या धाग्यात बॅटरीचा मुद्दा वर आला पण कुणी उकलून सांगितला नाही. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

एका बडमध्ये साधारण चाळीस-पन्नास एमएएचची इवलीशी लिथियम बॅटरी असते. काही शे वेळा चार्ज झाली की तिची ताकद ओसरते. फोनची बॅटरी निदान बदलून मिळते. बड्स गोंदानं बंद केलेले असतात, उघडले की तुटतात. आयफिक्सिट ही दुरुस्तीवर काम करणारी संस्था वस्तूंना दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण देते, एअरपॉड्सना तिनं शून्य दिलं होतं. माझ्या आजोबांचे मोठे काळे हेडफोन पंचवीस वर्षं चालले, वायर एकदा बदलली. त्या काळात बड्सचे किती जोड लागले असते, आणि ते सगळे कुठल्या उकिरड्यावर गेले असते?

युरोपीय संघानं २०२३ मध्ये बॅटऱ्यांचा नियम केला आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद सोडले, तर वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता आली पाहिजे. चार्जिंगला सगळ्यांना एकच टाइप-सी हाही इथलाच नियम, २८ डिसेंबर २०२४ पासून. म्हणजे नियम केला की कंपन्या वाकतात. ॲपलही वाकली.

सीएनसीवाला

हे मला पटलं. बड्सची बॅटरी बदलून मिळाली तर माझी अर्धी बाजू आणखी भक्कम होईल. माझ्या नेकबँडची बॅटरी दुरुस्ती_लक्ष्मीपुरींसारख्याच एका माणसानं बदलून दिली होती, थोड्या पैशांत. वायरलेस म्हणजे फेकाऊच असलं पाहिजे असं नाही. फेकाऊ बनवणं हा वेगळा निर्णय आहे आणि तो वाईट आहे.

दुरुस्ती_लक्ष्मीपुरी

नेकबँडची बदलता येते, जागा असते. बड्सची मी हात जोडून परत पाठवतो. बॅटरी गोल, नाण्याएवढी, तंतोतंत त्याच मापाची मिळायला पाहिजे, आणि कवच उघडताना क्लिप तुटते. गिऱ्हाईक म्हणतं, दीड हजाराचे बड्स, बघा की काहीतरी. बघण्यासारखं आत काही ठेवलेलंच नसतं.

तानपुरेवाली

खटपट्या, एक विचारते. कुठल्या कंपनीनं काढलेली पिन परत आणली असं झालंय का? की एकदा गेली ती गेली?

खटपट्या

झालंय. शाओमीच्या एमआय ए१ ला पिन होती, २०१८ च्या ए२ मधून काढली, लोकांनी तक्रारी केल्या, २०१९ च्या ए३ मध्ये परत आली. सोनीनं २०१८ च्या एक्सपिरिया एक्सझेड२ मधून काढली आणि २०२० च्या एक्सपिरिया १ मार्क २ मध्ये परत बसवली, पाणीरोधक ठेवूनच. सोनीचे फोन आता भारतात विकायला नाहीत हे आपलं दुर्दैव.

माझ्या मते यातून एकच गोष्ट सिद्ध होते: अडचण तंत्राची नव्हती. आणि आजही पिन कुठं उरली आहे बघा. मुख्यतः पंधरा हजारांच्या आतल्या फोनमध्ये. महागड्या फोनमधली काढली आणि स्वस्तातली ठेवली, कारण स्वस्त फोन घेणारा बड्ससाठी वर आणखी दोन हजार काढणार नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे. जागा खरंच अडत असती तर स्वस्त फोनमध्ये ती आधी अडली असती.

सीएनसीवाला

स्वस्त फोन जाड असतो, कॅमेरे कमी असतात. जागा असते तिथं. तुम्ही प्रत्येक गोष्टीत कट शोधता.

खटपट्या

कट नाही म्हणत. हिशेब म्हणतोय. आणि हिशेबात आपण कुठंच नव्हतो याचं वाईट वाटतं.

रंकाळवेस

सगळ्यांचे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. पुराचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. त्यांनीच निर्णय दिला: वीस हजारांच्या वरचं बघायचंच नाही, पंधरा हजारांच्या आतला घ्यायचा, पिन आणि एफएम दोन्ही असलेला. उरलेल्या पैशांत चांगल्यापैकी वायरचा हेडफोन. कॅमेरा मध्यम असला तरी त्यांना चालणार आहे.

आता दुकानात जाऊन काय काय तपासू? वेबसाइटवर एफएम आहे की नाही हे एकीकडे आहे लिहितात, दुसरीकडे नाही.

शाहूपुरीकर

बाबांना माझा नमस्कार सांगा.

दुरुस्ती_लक्ष्मीपुरी

सांगतो. वेबसाइटवर विसंबू नका, एकाच फोनच्या दोन आवृत्त्यांत फरक असतो. घरातला चालू असलेला, माइकवाला हेडफोन सोबत घेऊन जा. डेमोचा फोन हातात घ्या, पिन लावा, एफएमचं ॲप शोधा आणि स्टेशन लावून बघा. ॲप सापडलं नाही तर तो फोन सोडा, प्ले स्टोअरवरची बहुतेक "रेडिओ" ॲप्स नेटवर चालतात, ती पुरात कामाची नाहीत.

मग पिन बोटानं हलकी फिरवा. खरखर आली किंवा एका कानाचा आवाज गेला तर दुसरा नग मागा. माइकवरून एक कॉल करून बघा. जुन्या काही हेडफोनमध्ये माइक आणि ग्राउंडची जागा उलटी असते, त्यात आवाज पातळ, लांबून आल्यासारखा येतो. तसं झालं तर दोष फोनचा नाही, हेडफोन बदला.

हेडफोन घेताना एल आकाराची, काटकोनातली पिन घ्या. खिशात ठेवल्यावर सरळ पिनेपेक्षा तिच्यावर ताण कमी येतो आणि वायर लवकर तुटत नाही. आणि बाबांना सांगा, काढताना वायर ओढायची नाही, पिन धरून काढायची.

मीठमिरची

हे शेवटचं आमच्या घरात फ्रिजवर चिकटवते.

पेठेतला_गोलकीपर

मला पण असाच एक घ्यायचाय, पण पब्जी चालली पाहिजे. पंधरा हजारात गरम न होणारा कुठला? नवीन धागा काढू का इथंच विचारू?

व्यवस्थापक

नवीन धागा काढा. आणि शीर्षकात बजेट लिहा.